कृषि विद्यापीठांतून मधूनच निघण्याची वाट

राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. कोणी बियाण्यासाठीं गेले असतील, कोणी फुले त्रिवेणी गाय पाहण्यास, कोणी मुलाच्या प्रवेशाची चौकशी करण्यास. सन 1968 मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें कृषि विद्यापीठ म्हणून तें स्थापन झालें, आणि आज कोल्हापुरापासून नंदुरबारपर्यंत दहा जिल्हे त्याच्या कक्षेंत आहेत. त्याच्या विस्तीर्ण आवारासाठीं आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. त्यामुळें इतरांस तेथें प्रयोगाचे तुकडे दिसतात, तेथें आम्हांस जुन्या खातेदारांच्या नोंदी आठवतात. तेव्हां त्या आवारांत शिक्षणाची घडी बदलत असतां तिची विचारपूस करणें हा शेतकऱ्यांचा अधिकारच आहे असें आम्ही समजतों.

घडी बदलली आहे ती अशी. सन 2020 चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलें, व त्यास अनुसरून भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीनें आंखलेला अभ्यासक्रम 2024-25 या वर्षापासून लागू झाला. पदवी पूर्वीप्रमाणें चार वर्षांचीच आहे. परंतु आतां पहिलें वर्ष पुरें करून दहा आठवडे प्रत्यक्ष काम करणारास प्रमाणपत्र, व दुसरें वर्ष पुरें करून तितकेंच काम करणारास पदविका घेऊन बाहेर पडतां येतें. पुढें सवड झाल्यावर पुन्हा परत येण्याचीही सोय ठेविली आहे.

ही सोय वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सन 2018 च्या दुष्काळांत आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा एका कृषि महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास होता. विहीर आटली, जनावरें छावणीच्या वाटेला लागलीं, आणि फीचा हप्ता भरण्यापेक्षां पोरानें घरीं येणें बापास स्वस्त वाटलें. दीड वर्षाच्या कष्टाचें त्याच्यापाशीं गुणपत्रिकांखेरीज कांहींही उरलें नाहीं. त्या कागदास बाजारांत कोणीही विचारलें नाहीं. नवा नियम तेव्हां असता तर निदान एक प्रमाणपत्र त्याच्या हातीं पडतें.

पण प्रश्न तेथेंच सुरू होतो. पहिल्या वर्षाअखेर बाहेर कोण पडेल? पुण्या-नगरांतील नोकरदाराचा मुलगा पडणार नाहीं. तो चारही वर्षें बसेल व पुढें स्पर्धा परीक्षा देईल. बाहेर पडेल तो पाथर्डी, जामखेड, कर्जतकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. आणि मुलगी असेल तर लग्नाचें निमित्त होऊन अधिकच लवकर. म्हणजे हें दार कागदोपत्रीं सर्वांस खुलें असलें तरी वहिवाट आपल्याच मुलांची पडणार. मग त्या दारांतून बाहेर पडणाराच्या हातीं काय द्यावयाचें, याचा विचार आपणच प्रथम केला पाहिजे.

पहिल्या दोन वर्षांत कौशल्याचे विषय वाढविले आहेत हें खरें. परंतु कलम बांधणें, माती-पाण्याची तपासणी, ठिबक संचाची दुरुस्ती, जनावराचा प्रथमोपचार हीं कामें फळ्यावर येत नाहींत. त्यांस जमीन लागते, अवजारें लागतात, आणि सर्वांआधीं शिकविणारा लागतो. आपल्या कृषि विद्यापीठांतून अध्यापकांच्या पुष्कळ जागा रिकाम्या राहतात ही तक्रार जुनी आहे. नवा अभ्यासक्रम जुन्याच रिकाम्या खुर्च्यांसमोर मांडला तर काय होईल?

दुसरी गोष्ट भाषेची. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलें नाहीं, म्हणून आम्ही कदाचित् पक्षपाती असूं. परंतु हेंच विद्यापीठ दरवर्षीं ‘कृषिदर्शनी’ काढतें व तींत बियाणें, खतें, रोग, औषधें सर्व कांहीं स्वच्छ मराठींत सांगतें. बापास जें मराठींत सांगतां येतें तें मुलास मुख्यतः इंग्रजींतूनच कां सांगावें? मातृभाषेंतून शिक्षणाचा आग्रह या धोरणांतच आहे. निदान पहिलें वर्ष तरी मराठींत घ्यावें. ज्यास पुढें जावयाचें त्यानें इंग्रजी अवश्य शिकावी.

विद्यापीठास ज्यांचें नांव दिलें आहे त्या जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत खेड्यांतील प्राथमिक शाळेंतच शेतीचे धडे असावेत व शाळेस लहानसें नमुनेदार शेत जोडावें असें मागितलें होतें. त्यांस पदवीची नव्हे, हातास येणाऱ्या विद्येची काळजी होती.

आतां त्या प्रमाणपत्राच्या किंमतीचें. कृषि सेवा केंद्र चालविणारांसाठीं हैदराबादच्या मॅनेज संस्थेनें 2003 सालीं ‘देसी’ नांवाची पदविका सुरू केली. तींत आठवड्यांतून एक दिवस याप्रमाणें 48 आठवडे हजेरी द्यावी लागते, व ती पदविका दुकानाच्या परवान्यासाठीं ग्राह्य धरतात. मग विद्यापीठांत सबंध वर्ष बसून वर दहा आठवडे काम केलेला मुलगा त्याहून कमी कां ठरावा? हें प्रमाणपत्र दुकानाच्या परवान्यास, बँकेच्या कर्जप्रकरणास व सरकारी भरतींत कोणत्या जागेस चालेल, याचा शासन निर्णय स्पष्ट शब्दांत हवा. मोघम हुकुमाचा अर्थ टेबलागणिक निराळा लागतो, हें आम्हीं तहसिलींत उभ्या हयातीभर पाहिलें आहे. पूर्वीं कृषि प्रवेशांत सातबारा आणणारास अधिक गुण मिळत, तेव्हां उताऱ्यासाठीं पालकांची झुंबड उडे. नियम एका ओळीचा, पण त्यानें कितीजणांचें भवितव्य फिरे!

येत्या प्रवेशाच्या वेळीं आमच्या वाचकांनीं महाविद्यालयांत फीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्या: पहिल्या वर्षाचे दहा आठवडे मुलगा कोणाच्या शेतावर अगर कारखान्यांत काढणार, तेथें त्यास शिकविणारा कोण, आणि तेवढ्या दिवसांचें त्याचें जेवणखाण कोणाच्या पदरचें. उत्तरें लिहून आणावींत व आमच्याकडे धाडावींत. पुढील अंकीं तीं छापावींत अशी विनंती आम्ही संपादकांस केली आहे.