मूळ रंग म्हणजे कोणता?

जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धाराविषयी मराठीच्या अध्यापकांनी लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु गेले दीड वर्ष आम्ही दोघे ज्या प्रश्नाशी झगडत होतो, तो उभा राहिला गॅरेजमध्ये आणि त्याची परिभाषा मात्र आम्ही वर्गात शिकवतो. पाठभेद, प्रक्षेप, पाठनिश्चिती हे शब्द पोथ्यांपुरते आहेत, अशी आमची समजूत होती. पत्र्यावरच्या रंगाने ती दूर केली.

गाडी आहे 1968 सालची फियाट 1100 डिलाइट, आमच्यापैकी एकाच्या वडिलांची. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मराठी माणसाने जिला लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले तिच्यानंतरची, आणि 1974 पासून जिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले तिच्या आधीची. वडील गेल्यावर ती अनेक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दारांचे तळ आणि पायाखालचा पत्रा गंजाने खाल्ला होता. काहीतरी करणे भाग होते.

तिच्या आरसी बुकात रंगाच्या रकान्यात ‘ग्रे’ असे लिहिले आहे आणि पुढे 1979 सालची दुसऱ्या हातची नोंद आहे: ‘ब्लू’. म्हणजे वडिलांनी गाडी अकरा वर्षांनी निळी करून घेतली आणि नियमाप्रमाणे तशी नोंदही करवली. आम्हा दोघांच्या आठवणीतली गाडी निळीच आहे. ग्रे आम्ही पाहिलेलाच नाही.

आम्ही गाडी एका गॅरेजच्या स्वाधीन केली. “एकदम ओरिजिनल करून देतो,” असे आश्वासन मिळाले आणि त्या शब्दाचा अर्थ विचारावा, हे शब्दांवरच पोट भरणाऱ्या आम्हाला सुचले नाही. आठवड्याभराने गेलो तेव्हा सगळा रंग उतरवून पत्रा उघडा केलेला होता. काम स्वच्छ होते. फक्त निळ्या रंगाचा नखाएवढा तुकडाही कोणी जपून ठेवला नव्हता. दोष कारागिरांचा म्हणता येणार नाही. रंग उतरवण्याआधी त्याची नोंद घ्या, हे सांगणे आमचे काम होते.

जुना रंग म्हणजे केवळ जुना रंग नसतो, हे आम्हाला उशिरा कळले. ओल्या बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हलकेच घासत गेले, की एकात एक कडी उमटतात. बाहेरचे कडे सर्वांत अलीकडच्या हाताचे, मग त्याचे अस्तर, मग त्याआधीचा रंग, शेवटी तळाचा प्रायमर आणि पत्रा. कुठे लांबी भरली आहे आणि कुठला मडगार्ड बदललेला आहे, हेही त्यात वाचता येते. जिथे ऊन पोचत नाही आणि रंगाऱ्याची गन पोचत नाही, तिथे पहिला रंग टिकतो: डॅशबोर्डच्या आत, दारांच्या आतल्या कव्हरांमागे, डिकीच्या रबराखाली. संशोधक बाडे धुंडाळतात ती अशाच कोपऱ्यांत.

आमच्या गाडीत ग्लव्ह बॉक्सच्या मागे तळहाताएवढा ग्रे रंग शाबूत सापडला. 1979 च्या रंगाऱ्याने तो खण उघडलाच नव्हता. निळ्याचा पुरावा मात्र एवढाच उरला होता: डिकीच्या जुन्या रबरावर गनमधून उडालेले तुषार. निळा होता हे त्यावरून सिद्ध होते. कोणता निळा, हे ठरवायला ते पुरेसे नाहीत. आरसी बुकातला शब्दही इथे अपुरा पडतो. ‘ब्लू’ या शब्दात आकाशीपासून शाईपर्यंत सगळे मावते.

आता वाद सुरू झाला. जाणकारांचे मत स्पष्ट होते: कारखान्यातून आली तो रंग खरा, ग्रेचा अस्सल नमुना हाती असताना निळ्याचा हट्ट कशाला? ग्रेचा नमुना रंगवून आम्ही घरी दाखवायला नेला. आईंनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “अशीच आली होती रे. पण मग ह्यांनीच बदलली ना!”

साहित्याच्या विद्यार्थ्याला या वाक्यातला पेच वेगळा समजावून सांगायला नको. लेखकाने पहिली आवृत्ती काढली, पुढे स्वतःच्या हाताने ती बदलली. प्रमाण कोणती मानायची? जो मूळ तोच खरा, असे उत्तर देणारा खरे तर प्रश्न टाळत असतो. कारखान्याने गाडी घडवली हे मान्य. पण पुढची कित्येक वर्षे ती ज्याने चालवली, सांभाळली आणि विचारपूर्वक रंगवली, त्याचा हात प्रक्षिप्त ठरवायचा कोणत्या न्यायाने?

आमचे मत असे आहे की जुन्या गाडीचा रंग ‘बरोबर’ असणे म्हणजे तो कारखान्याच्या रंगाशी जुळणे नव्हे. आपण तिच्या आयुष्यातला कोणता टप्पा निवडला, का निवडला आणि त्याला पुरावा काय, हे सांगता आले पाहिजे. न निवडलेल्या टप्प्याची खूणही शिल्लक राहिली पाहिजे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने, जिचा पाया सुखटणकरांनी घातला आणि जी 1966 साली पूर्ण झाली, हाच धडा दिला आहे. तिथे संहितेखाली पाठभेद नोंदवलेले असतात आणि जिथे पाठ संशयित आहे तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ असते. संपादक निर्णय घेतो, पण पुरावा पुसत नाही. याउलट उदाहरण घ्यायचे तर आदराने घ्यावे लागेल. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते उपकार केवढे, हे आम्ही सांगायला नको. पण त्यांनी कोणते पाठ बाजूला ठेवले याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून तर पुढे राजवाड्यांसारख्यांना नाथपूर्व प्रतीच्या शोधात निघावे लागले.

याहून मोठा प्रमाद चकाकीचा. एके काळी मोटारींना नायट्रोसेल्युलोजचा रंग देत. अमेरिकेत 1923 च्या सुमारास आलेल्या ‘ड्यूको’ या अशा रंगाचे नाव आपल्याकडे गनने मारलेल्या रंगालाच चिकटले. त्याचे पातळ हात एकावर एक द्यायचे आणि मग कंपाउंडने घासून तकाकी आणायची. ती तकाकी मऊ असते. आज बहुधा रंगाचा एक थर आणि त्यावर हार्डनर घातलेल्या पारदर्शक लॅकरचा दुसरा थर देतात. टिकाऊपणात त्याला तोड नाही. मात्र त्याने 1968 ची गाडी ओल्या काचेसारखी चमकते, जशी ती शोरूममध्येही कधी चमकली नव्हती. नव्याहून नवी दिसणारी जुनी गाडी म्हणजे लेखकाची भाषा ‘सुधारून’ काढलेली आवृत्ती. वाचायला सोपी, आणि खोटी.

आणखी एक मोह स्मरणरंजनाचा. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली आणि हळहळ व्यक्त झाली. ती हळहळ खरी होती. परंतु म्हणून एखाद्या कुटुंबाची पांढरी वा हिरवी पद्मिनी शोभेसाठी काळीपिवळी रंगवली, तर तो जीर्णोद्धार नव्हे. एका गाडीच्या अंगावर दुसरीचे चरित्र लिहिणे झाले.

यावर आक्षेप येईल की गाडी म्हणजे पोथी नव्हे. ती रस्त्यावर चालायची असते आणि गंज पाठभेदांची वाट पाहत नाही. आक्षेप रास्त आहे. कुजलेला पत्रा कापावाच लागतो आणि मालकाला आवडीचा रंग देण्याचा हक्कही आहे. 2021 साली केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे जे नियम केले, त्यांतही मूळ स्वरूपाच्या संदर्भात चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या फेरफाराचा उल्लेख आहे. आम्हीही रंगाचे पोलीस होऊ इच्छित नाही. हवे ते करा, पण ‘ओरिजिनल’ हा शब्द जपून वापरा, एवढेच आमचे म्हणणे. आणि रंग उतरवण्याआधी फोटो काढा, कडी उघडून पाहा, प्रत्येक हाताचा नमुना ठेवा. नमुना उन्हातही पाहा आणि ट्यूबलाइटखालीही, कारण एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फारकत घेतात.

आम्ही अखेर निळा निवडला. रबरावरचे तुषार, आईंची आठवण आणि रंगाऱ्याचा डोळा यांच्या आधारे चार नमुन्यांतून एक ठरवला. पारदर्शक लॅकर टाळले. हा वडिलांचाच निळा आहे, असा आमचा दावा नाही. तो संशयित पाठ आहे, आणि गाडीच्या कागदांसोबत ठेवलेल्या टिपणात तसे स्पष्ट लिहिले आहे. ते रबर त्याच पाकिटात आहे.

ग्लव्ह बॉक्सच्या मागचा ग्रे मात्र आम्ही रंगवू दिला नाही. पुढे कोणाला आमचा निर्णय चुकीचा वाटला, तर त्याने तिथून सुरुवात करावी.