टाचेचा एक्स-रे आणि न पाहिलेली पोटरी

मंडळी, आधी विधान करतो, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला. टाच दुखते म्हणून आलेल्या माणसाचा एक्स-रे काढायचा, "हाड वाढलंय" म्हणायचं आणि सिलिकॉनचं पॅड देऊन वाटेला लावायचं, हे अर्धवट डिबगिंग आहे. एरर जिथे दिसते तिथेच बग असतो, असं आमच्या धंद्यात फ्रेशरसुद्धा मानत नाही.

माझी मावशी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर उभी. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी. तीन ठिकाणी दाखवलं. तिन्हीकडे एक्स-रे, गोळ्या, पॅड. पाऊल घोट्यात किती वर वळतंय हे एकानेही हात लावून पाहिलं नाही! अहो, त्याला ना मशीन लागतं ना पैसा.

आणि ते वाढलेलं हाड? टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही ते सापडतं. मग सगळं खापर त्याच्यावरच का?

चालताना शरीर पावलाच्या पुढे जातं तेव्हा नडगी पुढे झुकावी लागते. पोटरी आखडलेली असेल तर ती झुकू देत नाही, आणि टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्यावर जादा ताण येतो. २००३ साली अमेरिकेत रिडल आणि सहकाऱ्यांनी ५० रुग्णांची तुलना १०० निरोगी लोकांशी केली. ज्यांचं पाऊल काटकोनापलीकडे वर वळतच नव्हतं, त्यांच्यात हे दुखणं असण्याचे ऑड्स, १० अंशांहून जास्त वळणाऱ्यांच्या मानाने, सुमारे २३ पट निघाले. लठ्ठपणा आणि कामावर दिवसभर उभं राहणंही यादीत होतंच. आता कोणी म्हणेल, दुखण्यामुळेच पोटरी आखडली असेल. असेलही, अशा अभ्यासातून आधी काय झालं ते कळत नाही. पण मोजायला काय जातं?

दुसरी टोळी व्हॉट्सॲपवाल्यांची. "आजोबा उकिडवे बसायचे, कमोडने वाट लावली." इथेही गोची आहे. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो. म्हणजे कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारा भाविक वाटेत मस्त उकिडवा बसेल, तरी त्याचा हा स्नायू आखडलेला असू शकतो. तपासायचं असेल तर पाय सरळ ठेवून पाऊल वर ओढा, मग गुडघा वाकवून ओढा. सरळ पायाला अडलं आणि वाकवल्यावर सुटलं, तर चोर तोच.

उपाय कंटाळवाणा आहे. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद, दोन-तीन वेळा, रोज. फरक पडायला आठवडे जातात, कधी महिने. मावशी मधल्या सुट्टीत करते, पोरं विचारतात, "बाई, भिंत ढकलताव का?" पॅडने आराम पडत असेल तर तेही वापरा, माझं भांडण पॅडशी नाही.

मात्र टाच सुजली, झोपेतही ठणकली, बधिर झाली किंवा पडल्यावर दुखू लागली, तर भिंत सोडा आणि डॉक्टर गाठा. पडल्यावर तर एक्स-रे हवाच.