भाडोत्री कोणाला म्हणता?

जोयड्याहून रामनगरमार्गे बेळगाव गाठले की मराठा रेजिमेंटचे केंद्र लागते. आम्हा जोयडेकरांना पलटण म्हटले की बेळगावच आठवते. तिथल्या पलटणींच्या जुन्या लढायांचा विषय निघाला, की एक आक्षेप हमखास ऐकू येतो: 'ते शिपाई पगारासाठी इंग्रजांच्या युद्धात गेले. कोणी सक्ती केली नव्हती. साम्राज्याच्या भाडोत्र्यांचे स्मरण कशाला?'

मला आधी यशवंत घाडगे आठवतात. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. उभे राहिले ते एकटे. त्यांनी हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. त्याच मोर्च्यात छातीत आणि पाठीत गोळ्या लागून ते गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगे नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

सक्तीचा कायदा हिंदुस्थानात नव्हता, हे खरे. ब्रिटनने आपल्या पोरांना कायद्याने भरती केले, इथे तसे झाले नाही. पण ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंनी लोकप्रतिनिधींना न विचारता सगळा देशच युद्धात लोटला, ती सक्ती नव्हती काय? आणि पावसावरच्या तुकडाभर जमिनीत ज्या घराचे भागत नव्हते, त्या घरातल्या पोराने मनीऑर्डरीसाठी वर्दी चढवली, तर त्याच्या मरणाची किंमत कमी होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पगार तर आजचा जवानही घेतो.

राहिला साम्राज्याचा मुद्दा. घाडग्यांची हीच पलटण पुढे दुसरी पॅराशूट पलटण झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाच्या युद्धात टांगाइलला उतरली. तो पराक्रम आपण आपला म्हणतो. मग १९४४ चा बावीस वर्षांचा पोरगा परका कसा? इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. त्या गावाला ते परके वाटले नाहीत.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडले आणि उपासमारीने खंगलेले शिपाई कैदेत गेले. कित्येक परतलेच नाहीत. त्या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. गोऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक फक्त संख्या. साम्राज्याच्या लेखी ते आकडा होते. आज साम्राज्याला शिव्या देत आपणही त्यांना 'भाडोत्री' म्हणून विसरलो, तर तोच हिशेब आपल्या हाताने पुरा करतो.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आज खुल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक शिपायांच्या नावापुढे तिथे बापाचे, बायकोचे, गावाचे नाव आहे. आपला उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आपल्या तालुक्यातल्या शिक्षकांनी, ग्रामपंचायतींनी ती पाने जिल्ह्याचे नाव धरून उलटावीत. त्यात सुपे किंवा आसपासच्या गावचे एक जरी नाव निघाले, तरी ते त्या गावच्या शाळेत मोठ्याने वाचले जावे, बापाच्या नावासकट.