वासराचं कोटीपोट

गाईला पोटं किती, असं विचारलं की तुम्ही 'चार!' म्हणून मोकळे होता. खरं तर पोट एकच, कप्पे चार. नुकत्याच जन्मलेल्या वासरालाही कप्पे चारच असतात, पण कामाचा एकच, तो म्हणजे चौथा. पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या पोटाचा सुमारे 80 टक्के भाग तोच व्यापतो. वासरात मात्र तो एवढासा, रिकाम्या पिशवीसारखा पडून असतो.

वासरू दूध पिऊ लागलं की गंमत होते. अन्ननळीच्या टोकाला एक पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोटाला चुकवून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. म्हणजे कितीही दूध पाजा, कोटीपोट आपलं उपाशीच!

मग ते वाढतं कशानं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं सहा आठवड्यांच्या वासरांच्या कोटीपोटांची छायाचित्रं प्रसिद्ध केली आहेत. नुसत्या दुधावरच्या वासराचं अस्तर फिकट, गुळगुळीत. दुधाबरोबर वाळला चारा खाणाऱ्याचंही फारसं निराळं नाही. दुधाबरोबर धान्याचा खुराक खाणाऱ्याचं मात्र गडद, आणि त्यावर टॉवेलवर असतात तसे दाट उंचवटे! या उंचवट्यांतूनच अन्नरस रक्तात जातो. धान्य कोटीपोटात आंबतं, तिथले जंतू त्याचं ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि त्या आम्लानं अस्तर वाढतं. चाऱ्यानं पिशवी ताणते, तिचे स्नायू बळकट होतात, पण उंचवटे येतात ते मुख्यतः धान्यानं. आहे की नाही नवल? गवत खाणाऱ्या प्राण्याला लहानपणी गवत पुरत नाही!

ज्यांच्या घरी गोठा आहे, त्यांनी हे आई-बाबांनाही वाचून दाखवा. दूध विकायला हवं म्हणून पुष्कळ ठिकाणी वासराचं दूध एकदम तोडतात. कोटीपोट तयार नसेल, तर समोर वैरण असूनही कालवड खंगते. पहिल्या आठवड्यातच मूठभर खुराक तिच्या तोंडाला लावावा. सलग तीन दिवस ती रोज किलोभर खाऊ लागली, की दूध हळूहळू कमी करावं. आणि पाणी! 'दूध पितंय की, पाणी कशाला?' असं म्हणणारे मला खूप भेटतात. अहो, दूध पन्हळीतून निघून जातं. बादलीतलं पाणी कोटीपोटात जातं, आणि पाण्याशिवाय तिथले जंतू काम करतील कसे?

तुमचं वासरू पहिल्यांदा रवंथ करताना दिसेल, तेव्हा ते किती दिवसांचं आहे ते वहीत लिहून ठेवा. मलाही पत्रानं कळवा.