महिला सभा झाल्याशिवाय जंगलाचा ठराव नको

येत्या 1 मे रोजी राज्यातल्या गावोगावी ग्रामसभा भरेल. त्या सभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं मांडावं, अशी तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तरतूद आहे, पण पुष्कळ गावांत ही सभा भरते ती फक्त वहीत. वही घरोघरी फिरते. बाई चुलीपुढून उठून दारात येते, ओला हात पदराला पुसते, दाखवलेल्या जागी सही करते किंवा अंगठा उमटवते आणि वही पुढच्या घरी जाते. वर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. कित्येकदा वर काहीच लिहिलेलं नसतं. मजकूर नंतर भरतात.

ही वही थांबवा, एवढंच मागण्यासाठी हे लिहिते आहे.

गटार आणि दिवाबत्तीचा प्रश्न असता तर कामकाजातला ढिसाळपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती, नंदुरबार, नाशिक, पालघरच्या जंगलपट्ट्यात अशा एखाद्या ठरावावर शेकडो हेक्टर जंगल राहणार की जाणार हे ठरू शकतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा, त्याची व्यवस्था बघायचा अधिकार ग्रामसभेला दिला. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानंच 2009 साली परिपत्रक काढून सांगितलं. या कायद्याच्या नियमांत बायकांची जागा पक्की केली आहे. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात, नाहीतर गणपूर्ती होत नाही. वनहक्क समितीतही एक तृतीयांश बायका हव्यात. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघायला हवा.

कागदावरचे हे हक्क पदरात पाडून घेण्यासाठी बायका किती चालल्या ते आपण पाहिलेलं आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनपट्ट्यांची मागणी अग्रभागी होती. सोललेल्या तळव्यांचे फोटो तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. ते तळवे आपल्या लक्षात राहिले, मागणी मात्र आपण विसरलो.

बायकांनाच आधी विचारा, असा आग्रह कशासाठी? जंगलात दिवसाचं काम कोण करतं ते बघा. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. गडचिरोलीच्या टोल्यांवरची बाई मार्च-एप्रिलमध्ये अंधारातच टोपली घेऊन निघते, कारण उजाडल्यावर गेलं तर गुरं आणि रानातली जनावरं आधी पोचलेली असतात. वाकून एकेक फूल वेचायचं, टोपली भरली की घरी आणून अंगणात पसरायचं, दिवसभर राखायचं. ताजं, रसरशीत फूल चारसहा दिवसांत मनुक्यासारखं तपकिरी होतं, मग ते साठवता किंवा विकता येतं. मोह संपतो न संपतो तोच तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे पानं तोडायची आणि दुपारभर बसून 70 पानांचा एक एक पुडा बांधायचा. हे सगळं चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो त्याच दिवसांत. 2025 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघानं एकाच दिवशी मारलं. ती बातमी वाचून आपण हळहळलो असू. पण घरात पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसा येण्याची ही एकच वाट असते, म्हणून दुसऱ्या दिवशीही बायकांना जंगलात जावंच लागतं.

म्हणून हवामान बदललं आहे हे जंगलात राबणाऱ्या बाईला परिषदेतून कळत नाही. अवकाळी पावसानं वाळत घातलेली फुलं काळी पडली, डिसेंबरपर्यंत वाहणारा नाला नोव्हेंबरातच आटला, सरपणाला आणखी एक टेकडी ओलांडावी लागली, हे तिच्या अंगावरून जातं. ज्यांनी आयुष्यात पोतंभर कोळसा जाळला नाही त्यांच्या अंगणात ही झळ सगळ्यांत आधी पोचते, आणि हवामान न्यायाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

वणव्याचं उदाहरण घ्या. मोहाखालची जागा साफ व्हावी म्हणून पुष्कळ ठिकाणी खालचा पाला पेटवतात आणि ती आग हाताबाहेर जाते. आग लावू नये असा ठराव पुरुषांच्या बैठकीत दर वर्षी होऊ शकतो; मोह वेचणारी बाई त्या बैठकीत नसेल तर त्या ठरावाला अर्थ नाही. पाला जाळायचा की झाडून बाजूला करायचा, कोणत्या झाडाखाली कुणी किती दिवस जायचं, हे बायकांनी आपसांत ठरवलं तरच टिकतं. जंगल राखणं हे असल्या बारीकसारीक गोष्टींनी होतं. झारखंडच्या जमुना टुडू यांनी गावातल्या बायकांना घेऊन लाकूडतोड माफियाविरुद्ध गस्त सुरू केली, ती रोजची गस्त होती, एका दिवसाचं आंदोलन नव्हतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान भाताचं, वालाचं, घेवड्याचं बियाणं घरात मडक्यांत राखलं, तेव्हा त्यांना पद्मश्री ठाऊक नव्हती. लेकराबाळांची पोटं त्या बियाण्यावर अवलंबून होती, म्हणून त्यांनी ते राखलं.

आणि जिथं बायकांना जागा मिळाली तिथं काय होतं हे आपल्याच राज्यात दिसतं. मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं निर्णय सर्वसहमतीनं घ्यायची रीत पडली होती. बहुमत पुरेसं नाही, एकाचं किंवा एकीचंही मन वळलेलं नसेल तर थांबायचं. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली ती बायकांच्या रेट्यातून. दारूविरुद्ध सभा भरवायला शिकलेल्या बायका पुढं जंगलाच्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, तेव्हा प्रत्येक गावातून दोन पुरुष आले तर दोन बायकाही आल्याच पाहिजेत, असं ठरलं. ही बरोबरी कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवली. बांबू आणि तेंदूचा लिलाव ग्रामसभा करतात, पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा होतो, आणि त्या पैशाचा हिशेब विचारायला आता बायकाही बसतात.

आता राज्याच्या सीमेपलीकडचं सांगते, कारण त्यात तुमचा-माझा थेट हात आहे. छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यात तमनार तालुका आहे. तिथली गारे पेलमा सेक्टर 2 ही कोळशाची खाण महानिर्मितीला, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या वीज कंपनीला मिळालेली आहे. वर्षाला 2 कोटी 36 लाख टन कोळसा काढायची योजना आहे. तो चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या औष्णिक केंद्रांत जळणार. खाणीच्या पट्ट्यात 14 गावं येतात आणि दोनशेहून जास्त हेक्टर जंगल. या खाणीची पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी 2024 मध्ये रद्द केली होती. जनसुनावणी नीट झाली नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजुरी पुन्हा दिली गेली. जून 2025 मध्ये पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात मुडागाव आणि सरायटोला या गावांच्या जंगलातली झाडं पाडली. आमच्या ग्रामसभांनी संमती दिलेलीच नाही, असं तिथले गावकरी सांगत आले आहेत. झाडांपुढं उभ्या राहिलेल्यांत बायका होत्या. याच तालुक्यात दर 2 ऑक्टोबरला गावकरी कोळसा सत्याग्रह करतात: मिठाच्या सत्याग्रहात मीठ उचललं तसा हातानं कोळसा उचलतात आणि जमीन आमची तर कोळसाही आमचा, असं सांगतात.

ही कुणा परक्या कंपनीची खाण नाही. महाराष्ट्राच्या जनतेच्या मालकीची वीज कंपनी दुसऱ्या राज्यातल्या आदिवासी बायकांच्या दारात उभी आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना याची खबर आहे.

वीज नको असं कुणी म्हणत नाही. हे लिहिताना माझ्या डोक्यावर पंखा फिरतो आहे. मागणी एवढीच की ज्यांचं जंगल जाणार त्यांना नीट विचारा, त्यांच्या भाषेत विचारा, आणि नाही म्हणाल्या तर ते नाही ऐकून घ्या. त्या हो म्हणाल्या तर? तर तेही मानावं लागेल. खाणीत नोकरी हवी असं म्हणणारी घरं आदिवासी गावांतही आहेत, त्यात बायकाही आहेत, आणि शहरात बसून त्यांना जंगलाचं महत्त्व शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मोकळेपणी दिलेला होकार वेगळा आणि वहीवर घेतलेला अंगठा वेगळा.

नीट विचारलं की काय होतं ते नियमगिरीनं दाखवलं. ओडिशातल्या या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2013 मध्ये ग्रामसभांना विचारायला सांगितलं. जिल्हा न्यायाधीशांसमोर 12 गावांत सभा झाल्या, डोंगरिया कोंध बायका भर सभेत उठून बोलल्या, आणि 12 च्या 12 गावांनी नकार दिला. खाण झाली नाही. इक्वाडोरमध्येही भांडण याच मुद्द्यावर झालं. नेमोंते नेन्क्विमो यांच्या नेतृत्वाखाली वाओरानी लोक 2019 साली कोर्टात गेले आणि तेलासाठी जंगल लिलावात काढण्याआधी सरकारनं केलेली विचारपूस योग्य नव्हती, हे कोर्टानं मान्य केलं. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांचंही म्हणणं हेच होतं की नदीवर धरण बांधताना लेंका लोकांना विचारलं नाही. मार्च 2016 मध्ये त्यांना त्यांच्या घरात गोळ्या घालून मारलं. बायकांनी 'आम्हाला विचारा' म्हणणं किती महाग पडू शकतं हे त्यावरून समजावं.

आपल्याकडे ते म्हणण्याची जागा दिवसेंदिवस आक्रसते आहे. 2022 च्या वन संवर्धन नियमांत वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्य सरकारांवर सोडली गेली. म्हणजे गावाला विचारायच्या आधीच दिल्लीचा शिक्का बसलेला असतो. 2023 साली वन संवर्धन कायदाच बदलला. म्हणून घाई आहे. कागदावर उरलेला हक्क वापरला नाही तर तोही जायला वेळ लागणार नाही.

गावात राहत असाल तर 1 मे च्या आधी महिला सभा कधी आहे ते विचारा. सकाळी अकराची वेळ देऊ नका. तेव्हा बायका तेंदूच्या पुड्यांत असतात. संध्याकाळी ठेवा, टोल्यावर, पाड्यावर ठेवा. विषय आधी सांगा, गोंडी, माडिया, कोरकू, भिली, जी बोली असेल तिच्यात सांगा. ठराव लिहून झाला की सगळ्यांसमोर वाचा आणि मगच सही घ्या. गणपूर्तीला बायकांचा आकडा कमी पडला तर सभा तहकूब करा, वही फिरवू नका. पुरुषांनो, तुम्हाला खास विनंती: त्या दिवशी संध्याकाळी चूल आणि लेकरं तुम्ही सांभाळा. बाई सभेला न येण्याचं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं.

ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, वही घेऊन फिरायची वेळ तुमच्यावर आणली जाते हे ठाऊक आहे. एकेकटीनं नकार देणं अवघड आहे. तुमच्या संघटनांनी मिळून सांगावं की सभेबाहेर सही घेणार नाही.

शहरात असाल तर महानिर्मितीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गारे पेलमा सेक्टर 2 मधल्या गावांच्या ग्रामसभांचे ठराव, त्यांच्या तारखा आणि हजर बायकांची संख्या मागा. एकानं मागितलं तर फाईल बाजूला पडेल, पाच हजारांनी मागितलं तर मंत्रालयात बैठक लागेल. आपल्या आमदाराला हाच प्रश्न विधानसभेत विचारायला सांगा. वकील असाल तर जंगलपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामसभांचे कागद तपासायची जबाबदारी घ्या. पर्यावरण अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत मिळणं आणि जनसुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी मिळणं हा लोकांचा हक्क आहे. तो मिळतो की नाही हे बघायला माणसं हवीत. वर्तमानपत्रात मागच्या पानावर जनसुनावणीची बारीक टायपातली जाहिरात येते. तिचा फोटो काढून त्या भागातल्या ओळखीच्या बाईला पाठवा, मग ती शिक्षिका असो, बचत गटाची अध्यक्ष असो की आशाताई.

परदेशात, परराज्यात असलेल्या मराठी माणसांनी आपल्या गावच्या सरपंचाला एक फोन करावा. तुमच्या फोनला गावात वजन असतं. महिला सभा कधी आहे, एवढंच विचारा, आणि झाल्यावर तिचा अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

तुमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर महिला सभेची सूचना लागलेली नसेल, तर उद्याच दोघीतिघी मिळून जा, सभेची मागणी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊनच बाहेर पडा.