पोरगं वांड की आजारी? ‘एडीएचडी’ म्हणण्याआधी जन्मतारीख बघा

‘तुमचं मूल एका जागी बसत नाही? मग त्याला एडीएचडी असेल,’ असले रील्स हल्ली सगळ्यांच्याच मोबाईलवर फिरताहेत. लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ, विचार न करता काहीतरी करून बसणं, अशी याची लक्षणं. हा विकार खरा आहे, थोतांड नाही. पण तो ओळखताना गफलत होते.

अमेरिकेचंच बघा. २०१६ मध्ये तिथे सुमारे ६१ लाख मुलांना हे निदान झालेलं होतं. २०२२ मध्ये आकडा ७१ लाखांवर गेला, म्हणजे दर नऊ मुलांत एक. जागरूकता वाढली, हे कारण आहेच. पण २०१८ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी वेगळीच गोष्ट दाखवली. जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरची वयाची अट आहे, तिथे सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ऑगस्टच्या मुलांना हे निदान ३४ टक्के जास्त होत होतं. आता ऑगस्टमध्ये जन्मलं म्हणून विकार थोडाच जडतो! ती मुलं वर्गात सगळ्यात लहान होती, एवढंच.

आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरचं पोर जूनमध्ये साडेपाचचं, अन् त्याच बाकावरचं जानेवारीचं जवळपास साडेसहाचं. त्या वयात एक वर्ष म्हणजे लई फरक.

आपल्या तालुक्यांत मात्र उलटा धोका मोठा वाटतो. खरंच विकार असलेलं पोर ‘मठ्ठ’ ठरतं, मार खातं, शाळा सोडतं. मुली तर गप्प बसून हरवलेल्या असतात. त्रास देत नाहीत म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही.

निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली अन् घरी-शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. कमी ऐकू येणं, नजर कमी असणं, रात्री उशिरापर्यंत मोबाईल, ऊसतोडीमुळे बुडालेली शाळा, यानंही लक्ष लागत नाही. ते आधी तपासा. गोळ्या तज्ज्ञ डॉक्टरांशिवाय नकोतच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. पुढची तपासणी अन् उपचार मोफत. पण गडबडीत वजन-उंची होते अन् गाडी निघते. म्हणून गुरुजींनी अन् आईबापांनी पथकाला स्वतःहून सांगावं: पोर काय करतं, कधीपासून, अन् त्याची जन्मतारीख काय.