होमस्कूलिंग : घरी शिकणारे मूल ‘शाळाबाह्य’ कसे?

ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर बीडहून निघालेले मूल आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आईवडिलांनी विचारपूर्वक घरी ठेवलेले मूल, यांच्यात साम्य काय? शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण होते तेव्हा दोघे एकाच रकान्यात जातात. वय ६ ते १४, शाळेच्या पटावर नाव नाही किंवा महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर, की मूल शाळाबाह्य. एकाला शाळा हवी असून मिळत नाही, दुसऱ्याला मिळत असून नको आहे. सरकारी तक्त्याला हा फरक दिसत नाही आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. (आपल्याकडे ‘आरटीई’ म्हटले की २५ टक्के प्रवेशांची लॉटरीच आठवते; तो या कायद्याचा एक तुकडा.) कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. ते पार पाडले नाही तर शिक्षा काय, हे मात्र कायद्यात नाही. दंड आहे तो मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला : १ लाख रुपयांपर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दररोज १० हजारांपर्यंत. म्हणजे आपल्या मुलाला घरी शिकवणारी आई गुन्हेगार ठरत नाही. पण तिने शेजारची दहा मुले रोज जमवली, तर प्रश्न उभा राहू शकतो. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन, स्वेच्छेने पर्यायी शिक्षण निवडणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, असे सांगितले होते. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे. कायद्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही.

घरात शिकण्यासारखे असते तरी काय?

विजेचे बिल घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढा. ‘शंभरच्या वर गेलो की सगळेच बिल महागते’ असे अनेक मोठी माणसे समजतात. तसे नसते, वरच्या युनिटनाच वरचा दर लागतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने महिनाभर रोज मीटरचे आकडे वहीत लिहिले, गिझर लावलेल्या आणि न लावलेल्या दिवसांचा फरक काढला आणि बिल येण्याआधी रक्कम सांगितली, तर त्यात सरासरी, आलेख, टक्केवारी सगळे येऊन जाते. चूक झाली की बिलच ती दाखवते, लाल पेन लागत नाही. थंडीत विरजण का लागत नाही, हाही असाच एक धडा.

ही काही परदेशी फॅशन नाही. जॉन होल्ट यांनी अमेरिकेत १९७७ मध्ये शाळेशिवाय शिकण्याला वाहिलेले नियतकालिक काढले. पण त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जात होत्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचे, हे या मातीत घडून गेले आहे.

तरीही ‘मूल आपोआप शिकते’ हे वाक्य जरा सांभाळून घ्यायला हवे. घरात जे घडते तेवढेच आपोआप शिकले जाते. बीजगणित स्वयंपाकघरात सांडलेले नसते. आपल्या जातीचे, आपल्या ऐपतीचे नसलेले मूलही घरात भेटत नाही. (महागड्या शाळेतही ते फारसे भेटत नाही, हे खरेच.) आणि या ‘सहज’ शिक्षणामागचे कष्ट बहुतेक घरांत आई उपसते, बऱ्याचदा नोकरी सोडून. मुलाचे स्वातंत्र्य मोजताना तिचा पगारही त्याच हिशेबात धरायला हवा.

मग सरकारने काय करावे?

नोंदणी. अभ्यासक्रम लादू नये, तपासणीचा बडगाही नको. पण मूल घरी शिकते आहे हे कुठेतरी लिहिलेले असावे आणि वर्षातून एकदा कुणीतरी त्या मुलाशी, पालकांना बाजूला ठेवून, बोलावे. काही पालकांना हेही नको असते. परंतु नोंदच नसेल, तर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसवलेल्या मुलीचे वडीलही ‘आम्ही घरीच शिकवतो’ म्हणून मोकळे होतील. होमस्कूलिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये.

परीक्षेचे काय?

मुंबईतल्या एका मुलीला दहावी-बारावी न करता, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश मिळाला. आयआयटीची दारे मात्र बारावी नसल्याने बंद होती. हे उदाहरण प्रत्येक चर्चेत येते, पण ते अपवादाचे आहे. बाकीच्यांसाठी रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेचा. तिथे दहावीसाठी किमान वय १४, पाच विषय, आणि पाच वर्षांत नऊ संधी. पूर्वी शाळेत गेलेच नसाल तर अभ्यास झेपेल असे स्वतःचे प्रमाणपत्र चालते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज मुळात शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी. तिथे शाळेचा दाखला मागतात.

खरी अडचण या दाखल्याचीच. जातीच्या प्रमाणपत्रापासून अनेक कामांत जन्मतारखेचा आणि जातीचा पुरावा म्हणून आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखलाच आधी मागितला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने, त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा प्रश्न जन्म दाखल्यावरच सोडवला आहे. जातीचा नाही. घरी शिकवायचे ठरवलेल्या पालकांनी आजोबा-वडिलांचे शाळेचे जुने दाखले आताच शोधून ठेवावेत.